विहिणीचा मान

ती मालिका बंद झाली तेव्हा माझ्या माहेरी घरातलं कुणी गेल्यासारखी अवकळा आली होती. आई सवयीनं संध्याकाळी आठला टीव्ही लावायची आणि त्या जागी कुणी बाई मशरूमची भाजी करताना दिसली की रिमोट सोफ्यावर आपटायची. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, या देशाचं काही खरं नाही.

माझं सासर आणि माहेर दोन्ही अमरावतीत. मी ज्युनियर कॉलेजात शिकवते. संध्याकाळी माहेरी चक्कर टाकायची, आई-बाबांबरोबर आठची मालिका बघायची आणि मग घरी जाऊन कुकर लावायचा, हा माझा नेम. नवऱ्याला उशिरा जेवायची सवय लागली ती या मालिकेमुळेच.

मालिका विनोदी होती. मुलगी पुजाऱ्याच्या घरातली, मुलगा मुसलमान, दोघांनी परस्पर लग्न केलेलं. मुलीचे वडील जावयाशी अबोला धरून बसलेले, पण त्यानं पाठवलेला अत्तराचा फाया गुपचूप कानात ठेवणारे. मुलाची आई सुनेच्या उपवासासाठी साबुदाण्याची खिचडी शिकत होती आणि दर वेळी तिचा लगदा होत होता. माझ्या आईचा या बाईवर फार जीव. 'साबुदाण्यात इतकं पाणी घालतेत का वो बाई,' असं ती टीव्हीला सांगायची आणि मग पदरानं डोळे पुसून म्हणायची, सासू असावी तर अशी.

हे हसणं आमच्याकडे चालू होतं तेव्हा माझी सख्खी धाकटी बहीण अकोल्यात होती. दोन वर्षांपूर्वी तिनं कोर्टात लग्न केलं. मुलगा बौद्ध, तिच्याच कॉलेजातला, आता तिकडे सरकारी नोकरीत. आम्ही कौंडण्यपूरकडचे, गावाकडे काळी जमीन, तीन काका, त्यांचा गोतावळा. लग्नानंतर धाकटी या घरात आली नव्हती. तिला कुणी हाकललं नव्हतं, हेही तितकंच खरं. बाबा म्हणायचे, माझा विरोध नाही, तुझ्या आईला सोसायचं नाही. आई म्हणायची, मले काय, तुह्या बाबाचं गावात नाव हाये. काका म्हणायचे, दादा-वहिनींनी काय ते ठरवावं. असं करत प्रत्येकानं दुसऱ्याच्या नावानं दार लावून घेतलं होतं. शेजारीपाजारी कुणी विचारलं की ती पुण्याला नोकरी करते असं सांगायचं ठरलेलं. मीही तेच सांगायचे. कुणी खोलात शिरलं तर कंपनीचं नावही ठोकून द्यायचे.

आणि धाकटीही तीच मालिका बघायची. साडेआठला तिचा मेसेज यायचा, 'ताई, आज आई कशाला हसली?' मी कळवायचे. खिचडीला हसली. अत्तराला हसली. जावई छत्री विसरून जातो आणि सासरे ती वाळत घालतात, तिथं रडली. यावर तिकडून कितीतरी वेळ 'टाइप करत आहे' असं दिसायचं आणि शेवटी नुसतं 'बरं' यायचं. आईचं हसणं म्हणजे तिला दाराची कडी हलल्यासारखं वाटत होतं. मला ते कळत होतं. तरी मी तिला आशा लावू नको म्हणाले नाही, आणि आईला तिच्याबद्दल सांगितलंही नाही. निरोप्याचं काम सोपं असतं, त्याला स्वतःचं काही बोलावं लागत नाही.

मग मालिकेवरून रान उठलं. एका बाजूचे म्हणाले आमच्या मुलीची बदनामी, दुसऱ्या बाजूचे म्हणाले आमच्या घराची टवाळी. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे या बाबतीत एकाच सुरात बोलत होते. आमच्या चौकातल्या पोस्टरला काळं फासलं गेलं, कॉलेजवरून मोर्चा गेला, केबलवाल्यानं भीतीनं चॅनेलच काढून टाकलं. बाबांनी त्याच्याशी फोनवर भांडून ते परत सुरू करायला लावलं. पण जाहिराती आटल्या आणि मालिका ऐन रंगात थांबली. शेवटच्या भागात मुलाची आई पहिल्यांदा विहिणीकडे निघते. हातात आंब्यांची करंडी, बोट बेलवर, आणि भाग संपतो. दार कोण उघडतं, आत काय होतं, हे कुणालाच कधी दिसलं नाही. आई तर पुढं काय झालं असेल हे स्वयंपाक करता करता स्वतःच रचत बसायची. तिच्या गोष्टीत त्या विहिणीचा मान अगदी रीतसर व्हायचा.

त्याच सुमाराला मोबाईलवर बातम्या दाखवणाऱ्या एका गावठी चॅनेलचा मुलगा माइक घेऊन बागेत लोकांची मतं विचारत फिरत होता. त्याला बाबा सापडले. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, वर्षातून एकदा मोझरीच्या आश्रमात जाऊन प्रार्थनेला बसणारे, माणुसकीवर कधीही आणि कितीही वेळ बोलू शकणारे. कॅमेरा समोर आला की त्यांची भाषा आपोआप इस्त्री करून बाहेर पडते. ते म्हणाले, "धर्म माणसासाठी असतो. माझ्या घरात असं काही घडलं असतं, तर मी स्वतः दारात उभा राहून त्या मंडळींचं स्वागत केलं असतं."

घडलं असतं, तर. आई शेजारी उभी होती, तिनं मान हलवली. ती क्लिप अमरावतीभर फिरली. कॉलेजात सहकाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं आणि मी ते घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान हे आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या बापांबद्दल म्हणत आलो. आपल्याच बापाबद्दल म्हणायची वेळ आली तेव्हा जीभ रेटेना. धाकटीनं मला ती क्लिप पाठवली. खाली काही लिहिलं नव्हतं.

पुढचं एका रविवारी झालं. दुपारची वेळ, आंब्याचे दिवस. मी माहेरीच होते. बेल वाजली, बाबांनी दार उघडलं. बाहेर साठीपुढच्या एक उंच बाई उभ्या होत्या, कडक सुती साडी, केस पांढरे, खांद्यावर कापडी पिशवी. फोटोत बघितलेल्या, म्हणून मी ओळखलं. बाबांनी ओळखलं नाही.

"मी अकोल्याहून आली," त्या म्हणाल्या. "तुमची विहीण. तुमचं बोलणं मोबाईलवर आयकलं. मंग म्हटलं, आपणच जावं."

एक क्षण बाबांचा चेहरा कोरा झाला. मग त्यांनी हात जोडले, या या म्हणाले, स्वतः पंखा लावला, स्वतः पाणी आणायला मला सांगितलं. ते नाटक नव्हतं. बाबांना खरंच आनंद झाला होता. आपण बोललो त्यासारखं वागायची संधी आयती दारात आली, याचा तो आनंद असावा. त्यात विहीणबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मग काय, बदल्या, पटसंख्या, खिचडीचा तांदूळ, गप्पा रंगल्या. आई आतल्या दारात पदर सावरत उभी होती.

विहीणबाईंनी पिशवीतून पितळी डबा काढून आईच्या हातात दिला. सरगुंडे होते, गव्हाची कणीक काडीवर वळून केलेले, आमच्याकडे आमरसाबरोबर खातात ते. धाकटीनं स्वतः बसून केले होते. मग त्यांनी आडवळण न घेता विचारलं. सुनेला सातवा सरतोय. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ती तोंडानं काही बोलत नाही, पण आपलं माहेर कुणी विचारलं की उठून आत जाते. तेव्हा तिला इकडे आणू का?

"हे काय विचारणं झालं?" बाबा म्हणाले. "तिचंच घर आहे."

आई डबा छातीशी धरून आत गेली. मी चहाच्या निमित्तानं तिच्या मागे गेले. तिचे डोळे भरले होते, आणि मला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे. मी कपाटातून पाहुण्यांचे कप काढायला लागले.

इथं आईबद्दल सांगायला हवं. विहिणीच्या मानाबाबत तिच्याइतकी कडक बाई आमच्या गोतात नाही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा या घरी आल्या तेव्हा आईनं त्यांना पाटावर बसवून पाय धुतले, पुरणाचे मांडे केले आणि स्वतःसाठी घेऊन ठेवलेली साडी नेसवली. विहीण रिकाम्या हातानं परत गेली की लेकीच्या मानाचं सासरी पाणी होतं, असं ती आम्हा दोघींना लहानपणापासून सांगत आली.

"ते नोको काढू," ती हळूच म्हणाली. "वाढदिवसाचे हायेत ते घे."

काकांच्या नातवाच्या वाढदिवसाचे कागदी कप उरले होते. वर लाल-पिवळे फुगे छापलेले.

मी नुसतं "आई" म्हटलं.

"सगळ्यायलेच त्यातच देऊ ना. तुह्या बाबालेही, मलेही. मंग काय बिघडते?"

तिनं तोड काढली होती. कुणाला वेगळं नाही, सगळ्यांना एकसारखं. कपाटातले कप तसेच राहतील आणि कुणी बोट ठेवू शकणार नाही. हातात तिच्या लेकीनं अकोल्याच्या त्याच स्वयंपाकघरात, त्याच पाण्यात भिजवलेल्या कणकेचा डबा होता, तो तिला चालत होता. मी वाद घालायला तोंड उघडलं आणि बाहेर ऐकू जाईल म्हणून मिटलं. चहा चार फुग्यांच्या कपांत ओतला, ट्रे उचलला आणि बाहेर आणला. इतकं साधं होतं ते. चहा तर मी रोजच आणते.

विहीणबाईंनी कप घेतला. बाबांनी कप हातात घेतला, गोल फिरवून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय? माहा कप कुठी हाये?"

कॅमेरा नसला की बाबा आपल्या भाषेत बोलतात. त्यांचा कप म्हणजे निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिलेला निळ्या फुलांचा मोठा कप. त्याशिवाय त्यांना चहा लागत नाही, हे अख्ख्या नात्यागोत्यात ठाऊक आहे. आई म्हणाली, फुटला. बाबा म्हणाले, सकाळी तं होता. आणि कुणी काही बोलायच्या आत उठले, स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरचा कप घेऊन आले, सोफ्यावर बसले आणि विहीणबाईंच्या समोर कागदी कपातला चहा आपल्या कपात ओतला. एक घोट घेतला. दुसरा घेताना त्यांची नजर विहीणबाईंच्या हातातल्या फुग्यांवर गेली, तिथून आईकडे, मग माझ्याकडे. घोट तोंडातच राहिला.

मालिकेत असं काही झालं असतं तर आम्ही पोट धरधरून हसलो असतो. आत्ता मेल्याहून मेल्यासारखं झालं.  निळा कप खाली ठेवावा की हातात धरावा, हे बाबांना कळेना. मी जमिनीकडे बघत होते, पण जमिनीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

विहीणबाईंनी चहा संपवला, घाई न करता. कप ट्रेमध्ये ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिले इथं नाही आणत," त्या म्हणाल्या. "माह्यापाशीच राहू द्या."

बाबा काहीतरी पुटपुटले. गैरसमज, की तसं काही नाही, असं काहीतरी. विहीणबाईंनी ते ऐकून घेतलं. मग अगदी वर्गात एखाद्या ढ पोराला विचारावं तसं, न रागावता विचारलं, "उद्या लेकराले दूध कायच्यात पाजसान, इतकंच सांगा."

 त्या थोडा वेळ थांबल्या, खरंच उत्तराची वाट बघत असल्यासारख्या, आणि उठल्या. आईनं त्यांना द्यायला साडी काढली नाही. तिचं कपाट खोलीतच, तीन पावलांवर, आणि ते साड्यांनी गच्च भरलेलं. ती डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

मी त्यांना स्कूटरवर एसटी स्टँडवर सोडलं. वाटेत माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवत होते, पण प्रत्येक वाक्य आईपासून सुरू होत होतं. आईनं असं केलं, आई अशीच आहे. ट्रे कुणाच्या हातात होता, हे त्यांनी पाहिलं होतं. स्टँडपाशी त्या उतरल्या आणि म्हणाल्या, मले बजारात थोडं काम हाये, तुमी जा. मी गेले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले तेव्हा आई ओट्यापाशी उभ्यानं ताटलीतून सरगुंडे खात होती. रस नाही, दूध नाही, नुसते. मला बघून तिनं ताटली बाजूला सारली नाही आणि घेतेस का असंही विचारलं नाही. बाबांचा निळा कप फ्रिजवर ठेवलेला दिसला. तेव्हापासून ते स्टीलच्या ग्लासात चहा घेतात आणि गरम लागतो म्हणून कुरकुरत नाहीत.

दोन दिवसांनी धाकटीचा फोन आला. आवाज इतका मोकळा होता की मला आधी ओळखूच आला नाही. सासूला ती आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणते.

"ताई, आईनं आत्याबाईले पाटावर बसवलं म्हणे. साडी नेसवली. आत्याबाईनं दाखवली मले, जांभळी, मोठ्या काठाची. मले रडूच आलं."

 ती बोलत राहिली. आईचे गुडघे फार दुखतात का गं? आत्याबाई म्हणाल्या, त्यांना धड उठता येत नव्हतं, त्यांच्याच्यानं बाळंतपण व्हायचं नाही, म्हणून मीच त्यांना म्हटलं, सून माझ्यापाशीच राहू दे. आईला खूप वाईट वाटलं म्हणे. हो का गं?

मी म्हटलं, हो.

मग तिनं आईला फोन लावला, कित्येक महिन्यांनी. मी तिथंच होते, आईनं फोन स्पीकरवर टाकला. धाकटी साडीबद्दल बोलत होती, रंग किती नेमका निवडला म्हणून. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही खरं सांगेल. निदान गडबडेल तरी.

"शोभते का तिले?" आईनं विचारलं.

बाजारातलं काम काय होतं, ते मला तेव्हा कळलं. आमच्याच गावातून, आमच्याच वाट्याचा मान त्यांनी स्वतः विकत घेतला आणि घरी नेऊन आमच्या नावावर सुनेला दाखवला होता. शिव्या दिल्या असत्या तर मी आईची बाजू घेऊन चार शब्द तरी बोलले असते. याला काय बोलणार? लाज वाटते, हे मी आजवर सहज म्हणत आले होते, पोरं कॉपी करताना सापडली की त्यांनाही म्हणायचे, लाज वाटत नाही का. ती अशी अंगात मुक्कामाला येते, हे माहीत नव्हतं.

मुलगी झाली. नाव ठेवायच्या कार्यक्रमाला मी एकटीच अकोल्याला गेले. आईचे गुडघे दुखत होते. ते कारण विहीणबाईंनीच करून दिलेलं होतं, आईनं ते तसंच्या तसं वापरलं. बाबांना ताप होता म्हणे. त्यांनी बाळासाठी चांदीची वाटी आणि चमचा दिला होता. पिशवीत ठेवताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, दुधासाठी. एवढंच म्हणाले आणि बागेत निघून गेले.

बुद्धवंदना झाली, पाळणा हलला, शेजारणी जमल्या. विहीणबाई ती जांभळी साडी नेसल्या होत्या. कुणीतरी काठाला हात लावून विचारलं, आणि धाकटी पलंगावरून मोठ्यानं म्हणाली, माह्या आईनं दिली. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

गर्दी कमी झाल्यावर मी स्वयंपाकघरात विहीणबाईंना गाठलं. वाटी-चमचा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्ही त्या दिवशी जे केलं ते...  त्यांनी वाटी उजेडात धरून पाहिली, नळाखाली धुतली, पुसली आणि बाळाच्या दुधाच्या भांड्यांजवळ ठेवली.

"तिले काही सांगू नोका," त्या म्हणाल्या. "माहेरचं काहीतरी असू द्या तिच्यापाशी."

बाहेर धाकटी मला हाका मारत होती. आत्याबाईंचा बाळाबरोबर फोटो काढ आणि आईला पाठव म्हणाली, साडी पूर्ण दिसू दे. मी काढला. पाठवला. आईनं लगेच पाहिला, पण उत्तर यायला बराच वेळ लागला. मग आलं, 'काठ चांगला आहे.'

मी फोन धाकटीपुढे धरला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाली, "पाह्य, आईचीच निवड." विहीणबाई पाळण्याशी बसून दोरी ओढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.